कृत्रिम मूत्रपिंड आणि हृदयाचें दुखणें

एक संकट टळलें कीं त्याच्या आड दडलेलें दुसरें संकट दिसूं लागतें, हा अनुभव वैद्यकशास्त्राला नवा नाहीं. मूत्रपिंडें निकामी झालेल्या माणसांच्या बाबतींत तो विशेष तीव्रतेनें आला. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत, १९४३ सालीं, हॉलंडमधील कांपेन या लहानशा गांवीं विलेम कोल्फ नांवाच्या तरुण डॉक्टरानें लांकडी पट्ट्यांच्या पिंपाभोंवतीं सेलोफेनची नळी गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड तयार केलें. ही नळी एरव्हीं खाटिकखान्यांत मांसाचें सारण भरण्यासाठीं वापरीत. नळींतून रुग्णाचें रक्त वाहे, पिंप क्षारयुक्त पाण्यांत फिरे, आणि रक्तांतील विषारी द्रव्यें पाझरून पाण्यांत जात. १९४५ सालीं ६७ वर्षांची एक स्त्री या यंत्रानें शुद्धीवर आली व वांचली. परंतु प्रत्येक खेपेस नवी रक्तवाहिनी उघडावी लागत असल्यामुळें, ज्यांचीं मूत्रपिंडें थोड्या दिवसांत आपोआप सुधारतील अशांनाच या यंत्राचा उपयोग होई.

ही अडचण १९६० सालीं अमेरिकेंतील सिएटल शहरीं बेल्डिंग स्क्रिब्नर यांनीं दूर केली. हातांतील एक रोहिणी व एक शीर यांत टेफ्लॉनच्या नळ्या कायमच्या बसवून ठेवण्याची युक्ति त्यांनीं काढली. त्यामुळें तेंच द्वार पुन्हां पुन्हां वापरतां येऊं लागलें. त्या वर्षीं ९ मार्च रोजीं क्लाइड शील्ड्स या कारागिराच्या हातांत अशा नळ्या बसविल्या गेल्या. थोड्या दिवसांचा सोबती समजला गेलेला हा मनुष्य त्यानंतर अकरा वर्षें जगला. १९७१ सालीं त्याचा अंत झाला, तो मूत्रपिंडाच्या विकारानें नव्हे, हृदयविकाराच्या झटक्यानें.

स्क्रिब्नर व त्यांचे सहकारी यांनीं आपल्या पहिल्या ३९ रुग्णांची हकीकत १९७४ सालीं प्रसिद्ध केली. तींत असें आढळलें कीं, जे दगावले त्यांपैकीं निम्म्याहून अधिकांचा मृत्यु रोहिण्या कठीण व अरुंद होण्याच्या विकारानें झाला होता. तेव्हांपासून आजतागायत डायलिसिसवर असलेल्या रुग्णाचा सर्वांत मोठा शत्रु त्याच्या हृदयांतच दडलेला असतो, ही गोष्ट सर्वमान्य आहे. मग त्या हृदयावर उपाय कोणता? इतर हृदयरोग्यांना जे उपाय लागू पडतात तेच यांनाही लागू पडतील, असें सहज वाटतें. पुष्कळ वर्षें डॉक्टरांनाही तसेंच वाटत होतें. तें कितपत खरें आहे, हें ज्यांच्या घरांत असा रुग्ण आहे त्या मंडळींनीं तरी समजून घेणें अवश्य आहे. कारण अँजिओग्राफी करावी कीं नाहीं, स्टेंट बसवावा कीं बायपास करावा, हा प्रश्न एखाद्या दिवशीं अचानक त्यांच्यापुढें येऊन उभा राहतो.

प्रथम हृदयाची व्यवस्था पाहूं. हृदय हा स्नायूंचा एक पंप असून तो दिवसाकांठीं सुमारें एक लाख वेळां आकुंचन पावतो. सर्व शरीराला रक्त पुरविणाऱ्या या पंपाला स्वतःलाही रक्त लागतें. तें त्याला दोन मुख्य रोहिण्यांतून व त्यांच्या शाखांतून मिळतें. या त्या हृद्रोहिण्या. पाटाच्या आंतल्या अंगाला गाळ सांचून पाण्याची धार बारीक व्हावी, त्याप्रमाणें या रोहिण्यांच्या आंतल्या अस्तराखालीं चरबीचे थर सांचतात. श्रम पडले म्हणजे हृदयाला अधिक रक्त हवें असतें, तें मिळत नाहीं, आणि छातींत दाटल्यासारखें दुखूं लागतें. एखादा थर अवचित फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरली तर प्रवाह बंद पडतो. यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतों.

मूत्रपिंडें निकामी झालेल्या माणसांत या व्याधीला आणखी अनेक गोष्टी येऊन मिळतात. मूत्रपिंडें बिघडण्याचीं जीं दोन प्रमुख कारणें, मधुमेह आणि रक्तदाब, तींच हृद्रोहिण्याही बिघडवितात. म्हणजे डायलिसिस सुरूं होण्यापूर्वींच हृदयाची हानि पुष्कळशी होऊन गेलेली असते. पुढें मूत्रपिंडांकडून फॉस्फरस बाहेर टाकला जात नाहीं व हाडांचा आणि रक्ताचा चुन्याचा हिशेब चुकतो. मग जो चुना हाडांत असावयाचा तो रोहिण्यांच्या भिंतींत जाऊन बसतो. तो आंतल्या थरांत तर बसतोच, परंतु भिंतीच्या मधल्या स्नायूच्या थरांतही बसतो, आणि रबरी नळीसारखी लवचिक असणारी रोहिणी खापराच्या नळासारखी ताठ होते. अशा ताठ नळांत रक्त ढकलतां ढकलतां हृदयाचा स्नायु जाड होतो. जाड स्नायूला रक्त अधिक लागतें. त्यांतच मूत्रपिंडें निकामी झाल्यानें रक्तांतील तांबडेपणा उणावतो, म्हणजे त्या रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्तिही कमी होते. दोन डायलिसिसांच्या मधल्या काळांत अंगांत सांचणारें पाणी हृदयावर आणखी ओझें घालतें. सारांश, गरज वाढलेली आणि पुरवठा घटलेला, अशी या हृदयाची कायमची ओढाताण असते.

डायलिसिसचाही यांत थोडा वांटा आहे. निरोगी मूत्रपिंडें आठवड्याचे १६८ तास अविरत काम करतात. यंत्राला मात्र साधारणपणें आठवड्यांतून तीन वेळां, दर खेपेस चार तास, म्हणजे अवघे बारा तास मिळतात. दोनतीन दिवसांत हळूहळू सांचलेलें पाणी त्याला चार तासांत ओढून काढावें लागतें. पाणी फार झपाट्यानें काढलें तर रक्तदाब उतरतो, आणि हृद्रोहिण्या मोकळ्या असल्या तरीसुद्धां हृदयाच्या स्नायूचे कांहीं भाग तेवढ्यापुरते बधिर होतात. असें वारंवार घडलें म्हणजे ती बधिरता कायमच्या दुर्बलतेंत परिणत होते. उलट, पाणी व क्षार फार वेळ सांचूं दिले तरीही धोका आहेच. अमेरिकेंतील ३२,०६५ रुग्णांची पाहणी २०११ सालीं प्रसिद्ध झाली. आठवड्यांतून तीनदां डायलिसिस घेणाऱ्यांच्या वांट्याला दर आठवड्यास दोन दिवसांची एक लांब सुट्टी येते. त्या सुट्टीनंतरच्या दिवशीं मृत्यूंचें प्रमाण अधिक आढळलें. इतर दिवशीं तें १८ धरलें, तर त्या दिवशीं २२ पडलें.

येथें एक मुद्दा नीट ध्यानांत घ्यावयास हवा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे. डायलिसिसवरील रुग्ण हृदयविकारानें दगावतात याचा अर्थ ते सर्व हृद्रोहिणी बंद पडून दगावतात असा नाहीं. त्यांपैकीं पुष्कळांचा मृत्यु अकस्मात्, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडून होतो. आणि लय बिघडण्यास रक्तांतील पोटॅशियमचे चढउतार, पाण्याचा भार, स्नायूचा जाडपणा व त्यांत पसरलेले व्रण हीं कारणें पुरेशीं असतात. अर्थात् एखाद्या रोहिणीचा अडथळा दूर केला म्हणजे सारा धोका टळला, असा हिशेब येथें मांडतां येत नाहीं.

रोग ओळखणेंही या रुग्णांत सोपें नसतें. छातींतील कळ हें हृदयविकाराचें नेहमींचें लक्षण. परंतु दीर्घ मधुमेहानें ज्यांच्या मज्जा बोथट झाल्या आहेत त्यांना ती जाणवतच नाहीं. त्याऐवजीं धाप लागते, घाम फुटतो, मळमळतें, किंवा डायलिसिस चालूं असतांना रक्तदाब वारंवार उतरूं लागतो. धाप लागली कीं घरचीं माणसें ‘अंगांत पाणी झालें असेल’ म्हणून पुढच्या डायलिसिसची वाट पाहत बसतात, आणि तेवढ्यांत मोलाचा वेळ जातो. हृदयाचा विद्युत्-आलेख स्नायूच्या जाडपणामुळें आधींच बदललेला असतो. हृदयाला इजा झाल्याचें दाखविणारें ट्रोपोनिन नांवाचें द्रव्य या रुग्णांच्या रक्तांत एरव्हींही थोडें वाढलेलेंच असतें. म्हणून एका तपासणीवर विसंबून न राहतां कांहीं तासांच्या अंतरानें ती पुन्हां करतात. आंकडा चढत किंवा उतरत असेल तर झटका खरा, आणि स्थिर असेल तर तें बहुधा जुनेंच दुखणें, असें अनुमान काढतात. जुना आलेख व जुन्या तपासण्यांचे कागद घरांत नीट जपून ठेवलेले असले तर या प्रसंगीं त्यांचा फार उपयोग होतो.

उपचारांचा विचार करतांना दोन प्रसंग एकमेकांपासून अगदीं निराळे ठेवले पाहिजेत. एक, प्रत्यक्ष झटका आलेला असणें. आणि दुसरा, रोहिणी अरुंद झाली आहे परंतु प्रकृति स्थिर आहे असें असणें. या दोहोंची गल्लत झाल्यामुळेंच बहुतेक चुकीचे निर्णय होतात.

पहिल्या प्रसंगीं विलंबाला जागा नाहीं. डायलिसिसवर असतांना झटका आलेल्या ३४,१८९ अमेरिकन रुग्णांचा वृत्तान्त १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील शंभरांपैकीं ५९ जण वर्षाच्या आंत दगावले होते. ती पाहणी १९७७ ते १९९५ या काळांतील असून त्यानंतर उपचार सुधारले आहेत. तथापि इतरांच्या मानानें या रुग्णांचा धोका आजही कितीतरी अधिक आहे. म्हणून छातींत दुखणें, एकाएकीं लागलेली धाप किंवा शुद्ध हरपणें यांपैकीं कांहींही घडल्यास डायलिसिसच्या वाराची वाट न पाहतां रुग्णाला हृदयोपचारांची सोय असलेल्या इस्पितळांत न्यावें. महाराष्ट्रांत यासाठीं १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावतां येते. मूत्रपिंडें निकामी आहेत एवढ्याच कारणास्तव तातडीची अँजिओग्राफी टाळणें योग्य नव्हे. तींत वापरलें जाणारें रंगद्रव्य मूत्रपिंडांना अपायकारक होऊं शकतें हें खरें. परंतु जीं पूर्णपणें निकामी झालीं आहेत त्यांना आणखी काय अपाय होणार? ज्यांना अद्याप थोडी लघवी होते त्यांची ती उरलीसुरली शक्ति मात्र जपली पाहिजे, आणि म्हणून रंगद्रव्य शक्य तितकें कमी वापरावें लागतें.

अशा वेळीं नातेवाइकांनीं एक गोष्ट डॉक्टरांना आठवणीनें सांगावी. हल्लीं अँजिओग्राफी बहुधा मनगटांतील रोहिणींतून करतात. पण डायलिसिसच्या रुग्णाच्या हातांतील रक्तवाहिन्या म्हणजे त्याची जन्माची ठेव. एका हातांत फिस्टुला, म्हणजे रोहिणी व शीर यांचा शस्त्रक्रियेनें केलेला जोड, असतो. दुसऱ्या हाताची गरज पुढें केव्हांही पडूं शकते. म्हणून या रुग्णांत सामान्यतः जांघेंतील रोहिणीचा मार्ग पसंत करतात. फिस्टुलाच्या हाताचा रक्तदाब घेऊं नये व त्यांत सुई टोंचूं नये, हा नियम गडबडीच्या वेळींही पाळावा लागतो. रक्त पातळ करणाऱ्या औषधांच्या बाबतींतही असाच विवेक लागतो. एनॉक्झापॅरिनसारखें औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्यानें या रुग्णांच्या शरीरांत सांचून राहतें व रक्तस्राव ओढवतो. त्याऐवजीं साधें हेपॅरिन देणें अधिक सुरक्षित मानलें जातें.

आतां दुसरा प्रसंग. रुग्ण हिंडताफिरता आहे. चालतांना थोडें दुखतें, किंवा मुळींच दुखत नाहीं. परंतु एखाद्या तपासणींत हृदयाला रक्त अपुरें पडत असल्याचें दिसून आलें आहे. आतां काय करावें? १९६७ सालीं क्लीव्हलंड येथें रेने फाव्हालोरो यांनीं पायांतील शीर घेऊन अडलेल्या रोहिणीला वळसा घालण्याची, म्हणजे बायपासची, शस्त्रक्रिया पुढें आणली. १९७७ सालीं झुरिक येथें आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनीं फुग्याच्या साह्यानें अरुंद हृद्रोहिणी रुंद करून दाखविली, तीच अँजिओप्लास्टी. १९८६ पासून त्या जागीं धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसविण्यास प्रारंभ झाला. या शोधांनीं असंख्य लोकांचें दुःख दूर झालें यांत शंका नाहीं. परंतु त्यांची परीक्षा पाहण्यासाठीं जे मोठे प्रयोग झाले, त्यांतून मूत्रपिंडविकाराचे रुग्ण बहुधा वगळलेले असत. धोका ज्यांना सर्वांत अधिक, त्यांच्यावरच पुराव्यावांचून उपचार चालले होते.

ही उणीव भरून काढणारा प्रयोग ‘इस्किमिया-सीकेडी’ या नांवानें झाला व त्याचे निष्कर्ष २०२० सालीं प्रसिद्ध झाले. ३० देशांतील ७७७ रुग्ण त्यांत घेतले होते; भारतही त्यांत होता. सर्वांचा मूत्रपिंडविकार फार पुढें गेलेला असून निम्म्याहून अधिक डायलिसिसवर होते. सर्वांच्या हृदयाला रक्त बऱ्याच प्रमाणांत अपुरें पडत होतें, परंतु प्रकृति स्थिर होती. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें त्यांचे दोन गट पाडण्यांत आले. एका गटाला औषधें देऊन शिवाय अँजिओग्राफी व जरूर तेथें स्टेंट किंवा बायपास, असा उपचार ठरविला. दुसऱ्याला केवळ औषधें द्यावयाचीं, आणि तीं अपुरीं पडलीं तरच पुढचा उपाय योजावयाचा, असें ठरलें. तीन वर्षांअखेर मृत्यु किंवा हृदयविकाराचा झटका यांचें अंदाजी प्रमाण पहिल्या गटांत शेंकडा ३६.४ आणि दुसऱ्यांत ३६.७ भरलें; म्हणजे फरक जवळजवळ शून्य! उलट पहिल्या गटांत पक्षाघाताचें प्रमाण अधिक आढळलें. आणि जे अद्याप डायलिसिसवर नव्हते त्यांच्यांत मृत्यूचें किंवा डायलिसिस सुरूं करावें लागण्याचें प्रमाणही अधिक निघालें. छातींतील दुखण्याच्या बाबतींतसुद्धां पहिल्या गटाला टिकाऊ असा विशेष लाभ दिसला नाहीं.

या निष्कर्षाचें कारण वर आलेंच आहे. ज्यांच्या मृत्यूला अनेक वाटा आहेत, त्यांची एक वाट बंद करून भागत नाहीं. शिवाय चुन्यानें कठीण झालेल्या रोहिणींत फुगा नीट फुगत नाहीं. प्रसंगीं हिऱ्याची पूड लावलेल्या फिरत्या मण्यानें, किंवा ध्वनिलहरींच्या आघातानें, तो चुना आधीं फोडावा लागतो. बसविलेला स्टेंटही यांच्यांत पुन्हां अरुंद होण्याचा संभव इतरांपेक्षां अधिक. तो बंद पडूं नये म्हणून रक्तांतील गुठळी रोखणारीं दोन औषधें कांहीं महिने घ्यावीं लागतात. परंतु मूत्रपिंडविकारांत रक्त गोठविणाऱ्या कणांचें कार्य मंदावलेलें असल्यानें या औषधांनीं रक्तस्राव होण्याचें भय असतें. म्हणजे इकडे आड आणि तिकडे विहीर.

तरी या प्रयोगाच्या मर्यादाही ध्यानांत ठेवल्या पाहिजेत. नुकताच झटका येऊन गेलेले, औषधांनीं न थांबणारी कळ असलेले, किंवा ज्यांच्या हृदयाची आकुंचनशक्ति फार क्षीण झाली आहे असे रुग्ण त्यांत घेतले नव्हते. त्यांच्या बाबतींत रोहिणी मोकळी करण्याचा विचार करावाच लागतो. अशा वेळीं स्टेंट कीं बायपास, हा प्रश्न येतो. डायलिसिसच्या रुग्णांवरील पाहण्यांतून सर्वसाधारणपणें असें दिसतें कीं, बायपासच्या शस्त्रक्रियेंत आरंभींचा धोका अधिक. परंतु जो त्यांतून सुखरूप पार पडला त्याला, विशेषतः अनेक रोहिण्या अडलेल्या असतील तर, पुढें तिचा लाभ अधिक काळ मिळतो. म्हणून रुग्णाचें वय, अंगांतील ताकद, हृदयाची स्थिति आणि त्याची स्वतःची इच्छा यांवरून एकेका रुग्णापुरता निर्णय करावा लागतो. आणि तो हृदयतज्ज्ञ, शल्यविशारद व मूत्रपिंडतज्ज्ञ यांनीं एकत्र बसून केलेला असावा, हें उत्तम.

औषधांच्या बाबतींतही एक धडा मिळाला. रक्तांतील चरबी उतरविणारीं स्टॅटिन वर्गांतील औषधें सामान्य हृदयरोग्यांना वरदान ठरलीं आहेत. तीं डायलिसिसच्या रुग्णांना देऊन पाहण्यांत आलीं. जर्मनींतील १,२५५ मधुमेही रुग्णांवरील प्रयोग २००५ सालीं, आणि २५ देशांतील २,७७६ रुग्णांवरील दुसरा २००९ सालीं प्रसिद्ध झाला. दोहोंत अपायकारक चरबी शेंकडा ४० हून अधिक उतरली, परंतु हृदयाचीं संकटें व मृत्यु यांत म्हणण्यासारखी घट झाली नाहीं. २०११ सालच्या एका मोठ्या प्रयोगांत ९,२७० मूत्रपिंडविकारी रुग्ण होते. त्यांतील बहुसंख्य अद्याप डायलिसिसवर नव्हते. त्यांत मात्र रोहिण्या अडल्यामुळें ओढवणारीं संकटें सुमारें एक षष्ठांशानें कमी झालीं. यावरून बोध असा निघाला कीं, औषध वेळेवर सुरूं करावें हें खरें. मूत्रपिंडविकारांसंबंधीं मार्गदर्शन करणाऱ्या ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २०१३ सालीं सल्ला दिला तो असा: स्टॅटिन आधींपासून चालूं असेल तर डायलिसिस सुरूं झाल्यावर तें बंद करूं नये, परंतु केवळ डायलिसिस सुरूं झालें म्हणून तें नव्यानें सुरूंही करूं नये.

हृदयाची गति आंवरणारीं औषधें, ज्यांना रोहिणीचा विकार सिद्ध झाला आहे त्यांना लहान मात्रेंत ॲस्पिरिन, दुखणें शमविणारीं नायट्रेटें, हीं येथेंही उपयोगी आहेत. मात्र त्यांची वेळ सांभाळावी लागते. मेटोप्रोलोलसारखीं कांहीं औषधें डायलिसिसमध्यें रक्तांतून निघून जातात, कार्व्हेडिलोल जवळजवळ जात नाहीं. आणि डायलिसिसपूर्वीं घेतलेल्या रक्तदाबाच्या गोळीनें यंत्रावर असतांना दाब फार उतरण्याचा संभव असतो. म्हणून कोणती गोळी डायलिसिसच्या दिवशीं केव्हां घ्यावयाची, हें डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावें. २०२५ सालीं कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथील १,२२८ डायलिसिस-रुग्णांवर झालेल्या प्रयोगांत माशांच्या तेलाच्या रोजच्या मात्रेनें हृदयाचीं गंभीर संकटें पुष्कळ कमी झाल्याचें आढळलें, ही आशादायक वार्ता होय. पण तेथें वापरलेलें तेल ठराविक प्रतीचें व ठराविक मात्रेचें होतें. बाजारांतील कोणतीही बाटली आणून डॉक्टरांना न विचारतां तें सुरूं करणें शहाणपणाचें नव्हे.

या सर्व विवेचनावरून कोणास वाटेल कीं, मग हातीं काय उरलें? उरतें तें पुष्कळ आहे, आणि त्यांतील बराचसा भाग स्वयंपाकघरांत आहे. डायलिसिस वेळेवर व पूर्ण वेळ घेणें हें या रुग्णाच्या हृदयाचें पहिलें औषध. अर्धा तास आधीं उठण्याचा आग्रह, किंवा लग्नकार्यासाठीं एक खेप चुकविणें, याची किंमत हृदयाला द्यावी लागते. दुसरें औषध म्हणजे मीठ कमी करणें. मीठ अधिक झालें कीं तहान लागते, पाणी पोटांत जातें, वजन वाढतें, आणि तें पाणी काढतांना हृदयाचे हाल होतात. लोणचें, पापड, फरसाण, सुकी मासळी यांवर म्हणूनच बंदी असते. मिठाऐवजीं मिळणारें ‘कमी सोडियमचें’ मीठ निर्धोक समजूं नये. त्यांत बहुधा पोटॅशियमचा क्षार असतो, आणि तो हृदयाची लय बिघडवूं शकतो. आजाऱ्याला नारळाचें पाणी द्यावें ही आपल्याकडील जुनी ममतेची रीत. परंतु त्यांत पोटॅशियम विपुल असल्यानें या आजाऱ्याला तें घातक ठरूं शकतें. पालेभाज्या व बटाटे चिरून भरपूर पाण्यांत उकळावे आणि तें पाणी टाकून द्यावें, म्हणजे त्यांतील पोटॅशियम बरेंच कमी होतें. फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या गोळ्या जेवणाबरोबरच घ्यावयाच्या असतात. मागाहून घेतल्यास त्यांचा उद्देश साधत नाहीं. तंबाखू कोणत्याही स्वरूपांत नको, हें सांगावयास नकोच.

खर्चामुळें आपल्याकडे अनेक रुग्ण आठवड्यांतून तिनाऐवजीं दोनच खेपा घेतात. भारत सरकारनें २०१६ सालीं राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला, व जिल्हा रुग्णालयांतून गरीब रुग्णांना विनामूल्य डायलिसिस मिळावें अशी त्यांत योजना आहे. महाराष्ट्रांत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंतूनही साह्य मिळतें. स्थिर प्रकृतीच्या रुग्णावर घाईनें मोठा खर्च करण्यापूर्वीं, तोच पैसा तिसऱ्या खेपेच्या उपयोगीं पडणार नाहीं काय, याचा विचार घरांतील मंडळींनीं डॉक्टरांसह शांतपणें करावा. ज्यांची प्रकृति मूत्रपिंडाच्या रोपणास योग्य आहे त्यांनीं तो मार्गही वेळीं चोखाळावा. रोपणाच्या शस्त्रक्रियेसमयीं हृदयाला धोका असतो खरा. पण तो पार पडल्यावर, डायलिसिसवर राहणाऱ्याच्या तुलनेनें, आयुर्मर्यादा वाढते व हृदयावरील ताणही हलका होतो.

डॉक्टरांनीं पडद्यावर अरुंद रोहिणीचें चित्र दाखविलें म्हणजे पाहणाऱ्याचें मन भयभीत होतें आणि ‘काय तें लौकर करून टाका’ असें तोंडून निघून जातें. अशा वेळीं तीन प्रश्न विचारावे. हा झटका आहे कीं स्थिर विकार आहे? ही शस्त्रक्रिया केल्यानें आयुष्य वाढेल, कीं दुखणें कमी होईल, कीं दोन्ही नाहीं? आणि औषधांवर राहून वाट पाहिली तर काय होईल? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाहीं. उपचार चित्रांतल्या रोहिणीवर करावयाचा नसून, खाटेवर पडलेल्या माणसावर करावयाचा असतो, हें तोही जाणतो. क्लाइड शील्ड्स याला एका साध्या नळीनें अकरा वर्षें दिलीं. आज डायलिसिसवर जगणाऱ्या माणसाचीं वर्षें वाढवावयाचीं तर ती नळी पुरेशी नाहीं. तिच्या जोडीला घरच्यांचा रोजचा संयम आणि योग्य वेळीं घेतलेला योग्य निर्णय यांची गरज आहे.